फ्लोरिडातील ‘सॉल्ट सिक’ रोग आणि खनिज मिश्रणातून राहून गेलेले सात ग्रॅम

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात मांसोत्पादनासाठी पाळलेल्या गुरांमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत ‘सॉल्ट सिक’ या नावाचा एक रोग सर्रास आढळत असे. चरायला गवत आहे, प्यायला पाणी आहे, साथीच्या रोगाची कोणतीही खूण नाही, आणि तरीही जनावर खाणे सोडून खंगत जाते, असे त्याचे स्वरूप होते. १९३१ मध्ये त्यावर मिठातून देण्याचे एक खनिज मिश्रण सुचवले गेले आणि अनेक ठिकाणी त्याचा गुणही आला. मात्र ज्या कारणाने गुण आला असे मानले गेले होते ते कारण अपुरे होते, आणि हे कळायला आणखी सहा वर्षे लागली. सूक्ष्म खनिजांचा पुरवठा करताना उपाय लागू पडला म्हणजे निदान बरोबर ठरले, असे मानण्याची चूक आजही होते. म्हणून हे प्रकरण तपशिलाने पाहण्याजोगे आहे.

जमीन आणि गुरे

फ्लोरिडात गुरे आली ती सोळाव्या शतकात, स्पॅनिश लोकांबरोबर. तेथील बहुतेक चराऊ जमीन सपाट, वालुकामय आणि आम्लधर्मी आहे. या वाळूत क्वार्ट्झचे प्रमाण इतके मोठे आहे की वनस्पतींना खनिजे पुरवतील असे चिकणमातीचे कण तिच्यात फारच थोडे सापडतात. त्यात वर्षाला साधारण १,२५० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडत असल्यामुळे जे काही विद्राव्य असते तेही खालच्या थरांत झिरपून जाते. अशा जमिनीवर उगवणारे राठ, तारेसारखे गवत पोट भरते, पण त्यातील तांबे, कोबाल्ट, फॉस्फरस आणि सोडियम यांचे प्रमाण गाईच्या गरजेपेक्षा कमी असते.

तेथील जुन्या गुराख्यांना हे रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण जमिनीची पारख होती. कोणत्या पट्ट्यात गुरे आजारी पडतात आणि कोणत्या पट्ट्यात सुधारतात हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले होते, आणि खंगू लागलेला कळप ते भारी मातीच्या, ‘निरोगी’ समजल्या जाणाऱ्या जमिनीकडे हलवत असत. थोड्याच आठवड्यांत जनावर पुन्हा खाऊ लागे. हा अनुभव निदानाच्या दृष्टीने फार मोलाचा होता, कारण औषध न देता, केवळ चरण्याची जागा बदलून रोग हटतो, याचा अर्थ दोष चाऱ्यात आहे. गुरे मोकळी सोडण्याची पद्धत होती तोवर हा उपाय परवडत होता. १९४९ च्या कायद्याने राज्यात गुरे कुंपणात ठेवणे बंधनकारक झाले, त्यानंतर मात्र एकाच जमिनीवर वर्षभर राहणाऱ्या कळपाला ती जमीन जे देत नाही ते बाहेरून पुरवण्यावाचून पर्याय उरला नाही.

याच काळात गुरेही बदलत होती. लहान चणीच्या, काटक स्थानिक गुरांवर ब्राह्मन आणि युरोपीय जातींचा संकर वाढला. (ब्राह्मन ही अमेरिकेत घडलेली जात गीर, कांकरेज आणि ओंगोल या भारतीय वंशांतून आली असून तिच्यात आपल्या कृष्णाकाठच्या कृष्णा व्हॅली गुरांचाही थोडा अंश आहे.) झपाट्याने वाढणाऱ्या आणि वासराला जास्त दूध पाजणाऱ्या जनावराची खनिजांची गरज जास्त असते. लहान चणीची गाय ज्या चाऱ्यावर कशीबशी तगते, त्याच चाऱ्यावर सुधारित गाय आजारी पडते.

रोगाचे स्वरूप आणि संशयाची दिशा

सॉल्ट सिक झालेल्या जनावराची भूक प्रथम मंदावत असे. केस राठ आणि निस्तेज होत, वजन घटत जाई, डोळ्यांच्या पापण्यांची आतली बाजू आणि हिरड्या पांढुरक्या दिसू लागत, पुढे चालताना तोल जाई. वाढीच्या वयातील वासरांना आणि दूध पाजणाऱ्या गाईंना त्रास अधिक होई, कारण त्यांची गरजच मोठी असते. वासरे खुरटत, गाई गाभण राहत नसत, आणि जागा बदलली नाही तर जनावर दगावत असे.

पांढुरक्या हिरड्या आणि अशक्तपणा पाहिल्यावर कोणताही पशुवैद्य प्रथम पोटातील रक्तशोषक जंतांचा विचार करील, आणि उष्ण, दमट फ्लोरिडात तो संशय चुकीचा म्हणता येत नाही. कमी पोसलेल्या जनावरात जंतही वाढतात, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच वेळी आढळतात. तरीही केवळ जंत हेच मूळ असते तर जमिनीच्या प्रकारानुसार रोगाची हद्द इतकी स्पष्ट पडली नसती.

१९३१ चे निदान

गेन्सव्हिल येथील फ्लोरिडा कृषी प्रयोग केंद्रात आर. बी. बेकर, डब्ल्यू. एम. नील आणि ए. एल. शीली यांनी या रोगाचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९३१ मध्ये त्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली. आजारी जनावरांच्या रक्तातील हिमोग्लोबिन कमी होते आणि रोगट पट्ट्यातील चाऱ्यात लोहाचे प्रमाण निरोगी पट्ट्यातील चाऱ्यापेक्षा कमी आढळले. या दोन निरीक्षणांतून लोहाच्या कमतरतेचा निष्कर्ष निघणे स्वाभाविक होते. न्यूझीलंडमध्ये ज्वालामुखीच्या राखेच्या जमिनींवरील ‘बुश सिकनेस’ या अगदी अशाच रोगाबद्दल तेथील कृषी रसायनतज्ज्ञ बी. सी. ॲस्टन यांनीही लोहाच्या उपासमारीचाच सिद्धान्त मांडलेला होता, त्यामुळे या निष्कर्षाला बळ मिळाले. त्यातच १९२८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील हार्ट, स्टीनबॉक, वॉडेल आणि एल्व्हेजेम यांनी दाखवून दिले होते की केवळ दुधावर ठेवलेल्या उंदरांमधील रक्तक्षय लोहाबरोबर तांबे दिल्यावरच बरा होतो, म्हणजेच हिमोग्लोबिन तयार होण्यासाठी तांब्याचीही गरज आहे.

या सगळ्याचा मिळून जो उपाय ठरला तो सोपा होता: १०० पौंड मीठ, २५ पौंड लाल लोह ऑक्साइड, म्हणजे जवळजवळ गेरूच, आणि १ पौंड बारीक कुटलेले मोरचूद. हे मिश्रण छपराखालच्या लाकडी पेट्यांत भरून कुरणात ठेवायचे आणि जनावराला हवे तेव्हा चाटू द्यायचे. मिठाची निवड विचारपूर्वक होती. सोडियम कमी असलेल्या कुरणातील गाय मीठ स्वतःहून शोधत येते, आणि बाकीची खनिजे त्या ओढीबरोबर तिच्या पोटात जातात.

मिश्रणाचा हिशेब

या मिश्रणाकडे आजच्या माहितीच्या आधारे पाहिले तर फार शिकण्यासारखे काही हाती लागते, म्हणून हा हिशेब येथे पूर्ण मांडतो. एकूण मिश्रण १२६ पौंड, म्हणजे सुमारे ५७ किलो होते. एक प्रौढ गाय दिवसाला २ औंस, म्हणजे ५७ ग्रॅम मिश्रण चाटते असे धरले, तर एका वेळी केलेले मिश्रण एका गाईला १,००० दिवस, किंवा १०० गाईंना १० दिवस पुरेल. ही गाय रोज सुमारे १० किलो शुष्क चारा (म्हणजे पाण्याचा अंश वजा करून उरणारा चारा) खाते असेही धरू.

मोरचुदात साधारण २५ टक्के तांबे असते. १ पौंड मोरचूद म्हणजे सुमारे ११५ ग्रॅम तांबे, आणि ते १,००० दिवसांत विभागले तर रोज ११५ मिलिग्रॅम. मांसोत्पादनाच्या गुरांसाठी आज तांब्याची शिफारस एक किलो शुष्क चाऱ्यामागे १० मिलिग्रॅम अशी आहे, म्हणजे आपल्या गाईला रोज १०० मिलिग्रॅम. चाऱ्यात तांबे जवळजवळ नसले तरी ही मात्रा पुरेशी ठरते, आणि मोरचुदातील तांबे जनावराच्या शरीराला चांगले उपलब्धही होते. १९३१ मध्ये तांब्याच्या गरजेचा असा कोणताही तक्ता अस्तित्वात नसताना ही मात्रा इतकी बरोबर बसावी, याबद्दल त्या संशोधकांविषयी मनापासून आदर वाटतो.

लोहाची गोष्ट याच्या उलट आहे. २५ पौंड लोह ऑक्साइडात सुमारे ७.९ किलो लोह असते, म्हणजे गाईला रोज ७.९ ग्रॅम. शुष्क चाऱ्याच्या हिशेबाने हे प्रमाण किलोमागे जवळजवळ ८०० मिलिग्रॅम होते, तर गरज केवळ ५० मिलिग्रॅमची आहे आणि सहन होण्याची कमाल मर्यादा ५०० मिलिग्रॅम मानली जाते. चरणाऱ्या प्रौढ गाईला लोहाची कमतरता सहसा पडतच नाही; गवताबरोबर पोटात जाणारी थोडीशी मातीही तिला पुरेसे लोह देते. लाल ऑक्साइडातील लोह शरीरात फारच थोडे शोषले जाते, त्यामुळे इतकी मोठी मात्रा त्या गुरांना थेट बाधली नसावी. पण त्याच कारणाने तिचा रक्तवाढीसाठी फारसा उपयोगही झाला नसावा. त्याहून महत्त्वाचे हे की शोषले जाण्याजोगे जादा लोह, विशेषतः चाऱ्यात किंवा पाण्यात गंधक जास्त असताना, तांब्याच्या शोषणाला अडथळा करते. मिश्रणातील सर्वांत मोठा उपचारात्मक घटक निरुपयोगी होता, आणि सर्वांत लहान घटकच बहुतेक काम करत होता.

आता उरतो तो घटक जो यादीतच नव्हता. कोबाल्टची आजची शिफारस किलोमागे ०.१५ मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या गाईला रोज दीड मिलिग्रॅम आहे. एक हजार दिवसांसाठी दीड ग्रॅम कोबाल्ट, म्हणजे सुमारे ७ ग्रॅम कोबाल्ट सल्फेट. ५७ किलोच्या त्या संपूर्ण ढिगात चहाच्या चमच्याभर गुलाबी पूड कमी होती, आणि ज्या कुरणांत मुख्य उणीव कोबाल्टची होती तेथे त्या चमच्याभर पुडीअभावी वासरे खंगत राहिली.

दुसऱ्या खंडातून आलेले उत्तर

खरे कारण उलगडले ते पश्चिम ऑस्ट्रेलियात. तेथील दक्षिण किनाऱ्यावरील डेन्मार्क या गावाच्या परिसरात गुरांमध्ये असाच क्षयरूपी रोग होता, आणि न्यूझीलंडप्रमाणेच लिमोनाइट हे लोहयुक्त खनिज चारल्यावर गुरे सुधारत होती. पशुवैद्य जे. एफ. फिल्मर आणि जीवरसायनतज्ज्ञ ई. जे. अंडरवुड यांना मात्र एक विसंगती स्वस्थ बसू देईना: वेगवेगळ्या लोहसंयुगांची गुणकारी मात्रा त्यांच्यातील लोहाच्या प्रमाणाशी जुळत नव्हती, आणि आजारी जनावरांच्या यकृतात व प्लीहेत लोह कमी नसून उलट जास्त साठलेले होते. ज्याच्या कोठारात लोह भरलेले आहे त्याला लोहाची उपासमार कशी म्हणायची?

त्यांनी लिमोनाइटाचा अर्क काढून त्यातील लोह रासायनिक रीतीने वेगळे केले आणि लोहविरहित अर्क आजारी जनावरांना पाजला. जनावरे बरी झाली. मग त्या अर्कातील उरलेले घटक एकेक करून तपासत १९३५ मध्ये ते कोबाल्टपर्यंत पोहोचले. लोहाचा म्हणून जो गुण सांगितला जात होता तो लोहाबरोबर अशुद्धी म्हणून आलेल्या कोबाल्टचा होता. त्याच सुमारास दक्षिण ऑस्ट्रेलियात एच. आर. मार्स्टन आणि ई. डब्ल्यू. लाइन्स हे मेंढ्यांच्या ‘कोस्ट डिसीज’चा अभ्यास करताना स्वतंत्रपणे कोबाल्टपर्यंत आले, आणि तेथील चुनखडीयुक्त वाळूवर कोबाल्ट व तांबे या दोहोंची उणीव एकत्र असल्याचे पुढे स्पष्ट झाले. मला या संपूर्ण इतिहासात लोहविरहित अर्काचा तो प्रयोग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण गुण येत असलेल्या औषधातून त्याचा मुख्य मानलेला घटकच काढून पाहण्याचे धैर्य फार थोड्यांनी दाखवले आहे.

फ्लोरिडात या शोधाची दखल लगेच घेतली गेली. १९३७ मध्ये नील आणि आहमान यांनी लोह व तांबे पुरेसे मिळत असूनही खंगत चाललेली वासरे कोबाल्ट दिल्यावर सुधारतात हे दाखवले, आणि बेकर व गॅडम यांनीही गुरांच्या काही आहारांत कोबाल्टची गरज असल्याचे त्याच वर्षी मांडले. सॉल्ट सिकच्या मिश्रणात त्यानंतर कोबाल्टचा क्षार समाविष्ट झाला. आपलाच निष्कर्ष सहा वर्षांत त्याच केंद्राने दुरुस्त केला, ही बाब त्या केंद्राच्या प्रामाणिकपणाची साक्ष देते.

एक प्रश्न मात्र उरतो: कोबाल्टविरहित मूळ मिश्रणाने काही ठिकाणी गुण कसा आला? जेथे उणीव प्रामुख्याने तांब्याची होती तेथे मोरचुदाने काम केले, हे सरळ आहे. शिवाय लिमोनाइटाप्रमाणे लाल ऑक्साइडातही खाणीनुसार कोबाल्टचा अंश असणे शक्य आहे, आणि तसे असेल तर एका पोत्याने गुण यावा व दुसऱ्याने येऊ नये, हेही समजण्यासारखे आहे. हा दुसरा भाग माझा तर्क आहे.

कोबाल्टाचे कार्य

गाईच्या शरीराला स्वतः कोबाल्ट हाताळता येत नाही. तिच्या कोटीपोटातील, म्हणजे रुमेनमधील सूक्ष्मजीव कोबाल्टपासून जीवनसत्त्व बी-१२ तयार करतात आणि गाय ते वापरते. म्हणूनच कोबाल्ट तोंडाने दिला तर गुण येतो, पण त्याचे इंजेक्शन दिले तर जवळजवळ येत नाही. या कोड्याचे उत्तर १९४८ मध्ये बी-१२ वेगळे काढले गेले आणि त्याच्या रेणूत कोबाल्ट आढळला तेव्हा मिळाले. १९५१ मध्ये बी-१२ चे इंजेक्शन दिल्याने कोबाल्टच्या अभावी आजारी पडलेल्या मेंढ्या बऱ्या होतात हेही सिद्ध झाले.

भूक का जाते याचेही उत्तर येथेच आहे. गवत आंबून कोटीपोटात जी आम्ले तयार होतात त्यांतील प्रोपिऑनिक आम्लापासून गाय आपल्या शरीरातील साखर बनवते, आणि त्या प्रक्रियेतील एका टप्प्याला बी-१२ लागते. ते नसेल तर प्रोपिऑनिक आम्लाचा निचरा मंदावतो, जनावराची खाण्याची इच्छा मरते, आणि भरल्या कुरणात त्याची उपासमार होते. रक्तक्षय हा या रोगाचा उशिरा येणारा आणि अंशतः उपासमारीतून येणारा परिणाम आहे. सर्वांत ठळक दिसणारे लक्षण मूळ कारणाकडे बोट दाखवतेच असे नाही, आणि १९३१ चे निदान चुकले ते नेमके येथे.

काळ्या दलदली जमिनीचे वेगळे प्रश्न

फ्लोरिडाच्या दक्षिणेला, ओकीचोबी सरोवराच्या खालच्या बाजूला एव्हरग्लेड्सची काळी, सेंद्रिय जमीन आहे. तेथे पिकांनाही तांबे लागते हे आर. व्ही. ॲलिसन आणि सहकाऱ्यांनी १९२७ मध्येच दाखवले होते. या जमिनीवरील गुरांत केसांचा रंग उडणे, पातळ संडास, हाडे ठिसूळ होणे अशी तांब्याच्या तीव्र अभावाची लक्षणे दिसत. येथील चाऱ्यात मॉलिब्डेनम जास्त असते. कोटीपोटात मॉलिब्डेनम आणि गंधक एकत्र येऊन थायोमॉलिब्डेट नावाची संयुगे तयार होतात, आणि ती तांब्याला असे घट्ट धरून ठेवतात की ते शोषलेच जात नाही. मॉलिब्डेनमचा हा दोष इंग्लंडमधील सॉमरसेटच्या कुरणांत १९३८ मध्ये उघडकीस आला.

याचा व्यवहारात अर्थ असा की वाळूच्या कुरणात पुरेसे ठरणारे रोजचे ११५ मिलिग्रॅम तांबे काळ्या जमिनीवर अपुरे पडते. उलट काळ्या जमिनीसाठी वाढवलेली मात्रा इतरत्र वर्षानुवर्षे दिली तर यकृतात तांबे साठत जाते. गुरांसाठी किलोमागे ४० मिलिग्रॅम ही सहनशीलतेची मर्यादा मानतात. मेंढ्यांची मर्यादा तर त्याहून बरीच कमी आहे, त्यामुळे गुरांसाठीची पेटी मेंढ्यांच्या तोंडाशी येऊ देणे धोक्याचे आहे. फ्लोरिडात सेलेनियमचीही उणीव आहे, आणि त्याबाबत गरज व विषबाधा यांतील अंतर इतके अरुंद आहे की अमेरिकेच्या कायद्याने खाद्यात बाहेरून घालायच्या सेलेनियमवर किलोमागे ०.३ मिलिग्रॅमची मर्यादा घातलेली आहे.

आजच्या वापरासाठी

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या अनेक खनिज मिश्रणांचा रंग अजूनही लाल असतो, आणि तो रंग लोह ऑक्साइडाचा असतो. पशुपालकाला लाल मिश्रण ‘खरे’ वाटते म्हणून तो टिकून आहे. पोषणाच्या दृष्टीने त्याची गरज नाही, आणि ज्या विहिरींच्या पाण्यात लोह व गंधक आधीच जास्त आहे तेथे लोहाची आणखी भर घालणे मला अयोग्य वाटते. मिश्रण घेताना पिशवीवर तांबे कोणत्या स्वरूपात आहे तेही पाहिले पाहिजे, कारण तांब्याच्या ऑक्साइडाची पूड स्वस्त असली तरी तिच्यातील तांबे जनावराच्या अंगी फारसे लागत नाही. सल्फेट किंवा क्लोराइड स्वरूपातील तांबे लागते. आपल्याकडे महाराष्ट्रात खनिज मिश्रण मुख्यतः दुभत्या जनावरांना दिले जाते, परंतु पिशवीवरील टक्केवारी आणि क्षाराचे स्वरूप ही दोन्ही वाचण्याची गरज येथेही तितकीच आहे.

मिश्रण घरी करणाऱ्याने ७ ग्रॅमची वस्तू ५७ किलोत थेट टाकू नये. कोबाल्टचा क्षार थोड्या पाण्यात विरघळवून किलोभर मिठावर शिंपडावा, ते मीठ वाळवून पाच-सहा किलो मिठात कालवावे आणि मग उरलेल्या ढिगात मिसळावे. अन्यथा एका गाईला सगळे आणि नव्याण्णवांना काहीच नाही, असे होते. पेटीवर छप्पर हवे, कारण मोरचूद आणि कोबाल्टचे क्षार पाण्यात विरघळून वाहून जातात.

सर्वांत दुबळा दुवा राहतो तो गाय रोज किती चाटते हा. काही गाई पेटीकडे फिरकतच नाहीत, काही गरजेच्या दुप्पट खातात, आणि पाण्यात क्षार जास्त असले की सगळ्याच कमी खातात. म्हणून दर आठवड्याला पेटीत टाकलेले वजन गाईंच्या संख्येने आणि दिवसांनी भागून नोंदवून ठेवावे. तांब्याची स्थिती तपासायची असेल तर केवळ रक्ताच्या नमुन्यावर विसंबू नये; यकृतातील साठा जवळजवळ संपेपर्यंत रक्तातील तांबे ठीकच दिसते, त्यामुळे कळपातील काही जनावरांच्या यकृताचा सुईने काढलेला नमुना किंवा कत्तलखान्यातून मिळालेला यकृताचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवणे अधिक भरवशाचे आहे. कोबाल्टसाठी रक्तातील किंवा यकृतातील बी-१२ पाहावे लागते. हे नमुने मिश्रण सुरू करण्यापूर्वी एकदा आणि सुरू केल्यावर काही महिन्यांनी पुन्हा, शक्यतो त्याच जनावरांचे, घ्यावेत, आणि त्या काळात जंताचे औषध किंवा कुरण बदलले असल्यास तेही त्याच नोंदवहीत लिहावे.